फिल्टर मेला आहे

मी भांडायला निघाले होते, म्हणून बस डोळ्यांदेखत गेली तरी थांबले नाही, सरळ चालायला लागले. भांडायला जाताना चालतच जावं. पोहोचेपर्यंत वाक्यं पाठ होतात.

पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला फिल्टर होता. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं वाद्य म्हणजे एक लाकडी पेटी. तिच्यात ओळीने बसवलेले वीस-बावीस धातूचे चौकोन, प्रत्येकावर बटणं आणि भोकं, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीबेरंगी वायरी. त्याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात; माझी धाकटी जाऊ टेलिफोन एक्स्चेंज म्हणते. एक चौकोन आवाज तयार करतो आणि फिल्टर नावाचा चौकोन तो चाळतो. चाळणीच ती, फक्त तिची भोकं वाजवता वाजवता लहान-मोठी करता येतात. बटण डावीकडे असलं की नुसते जाड, खालचे आवाज पडतात. उजवीकडे नेलं की बारीक, वरचे आवाजही यायला लागतात. आणि हे बटण हातानेच फिरवायला हवं असं नाही. दुसरीकडून वायरीने व्होल्टेज पाठवलं की फिल्टर आपोआप उघडतो आणि मिटतो. मी ते व्होल्टेज पायाखालच्या पेडलमधून पाठवते. पाय दाबला की उघडला, सोडला की मिटला. तेवीस वर्षं मी असे पाय दाबून नाटकांना वारे, समुद्र, कारखाने आणि माणसांच्या पोटातली भीती पुरवत आले आहे.

आणि मंगळवारी मला सांगण्यात आलं की माझा वारा कान फाडतो.

दुसऱ्या अंकात नायिका रिकाम्या घरात परत येते आणि वारा उठतो. तो वारा मी विंगेच्या बाजूला बसून प्रत्यक्ष वाजवते. तालमीत मी पाय दाबला मात्र, दिग्दर्शिका ताडकन उठली. "बाई, थांबवा! थांबवा ते!" दोन नटांनी कानांवर हात ठेवले होते. नट अभिनय करतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"अजून पुरता उघडलासुद्धा नाही," मी म्हणाले.

"सुई घातल्यासारखं होतंय, बाई. गेले तीन आठवडे सांगतेय. शनिवारपर्यंत नीट झालं तर ठीक, नाही तर मी तयार वारा लावते. कंप्यूटरमध्ये शंभर पडलेत."

तयार वारा! शंभर पडलेत! म्हणजे नायिका कुणीही असो, घर कुठलंही असो, वारा आपला डब्यातला. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला हा प्रकार. तुमच्या थिएटरचे स्पीकर भिकार, आणि खापर माझ्या डोक्यावर. पण तिने तयार वारा लावला तर माझं काय होणार हे मला न सांगता कळत होतं. प्रत्यक्ष वाजवणारं माणूस ठेवणारं हे शेवटचं थिएटर होतं. इथून उठले की मी कायमची उठले.

ध्वनीच्या टेबलावर बसलेल्या मुलीला मी जाऊन विचारलं, "तू काय फिरवलंस?" महिन्यापूर्वीपर्यंत तिथे माझा भाचा बसायचा, माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. तो दुसऱ्या थिएटरात गेला आणि ही आली.

"काहीच नाही, बाई," ती म्हणाली. "तुमच्याकडून येतो तसाच सोडते."

"तसाच सोडत असतीस तर हे झालं नसतं," मी म्हणाले. ती बिचारी पुन्हा टेबलावरची बटणं तपासायला लागली. मी तेव्हा तिला बिचारी म्हटलं नव्हतं, हेही कबूल करते.

घरी येऊन मी पेटी उघडली आणि खरा गुन्हेगार सापडला. फिल्टर तीन महिन्यांपूर्वीच नवा घेतलेला. घड्याळाच्या काट्याच्या हिशेबाने बोलायचं तर बटण एक-दोनवर गेलं की पुढे काहीच होत नव्हतं. तीनवर न्या, चारवर न्या, वाऱ्याला धार म्हणून येत नव्हती. म्हणूनच तर मी पाय आणखी दाबत होते! म्हणजे फिल्टर आवाज देत नाही, आणि थिएटर म्हणतं जास्त होतो. एकाने कमी द्यायचं, दुसऱ्याने जास्त करायचं, आणि बोलणी मी खायची. थिएटरशी भांडण शनिवारचं होतं. फिल्टर बनवणाऱ्याशी गुरुवारीच उरकून घेऊ म्हटलं.

त्याला सगळे सोल्डर म्हणतात. एका इमारतीच्या जिन्यामागे त्याच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत टेबलं, आतल्या खोलीत संसार, आणि दोन्हीकडे सोल्डरिंगचा वास. तो भिंग लावून बसला होता. त्याची बायको दुसऱ्या टेबलावर स्क्रू मोजून पाकिटांत भरत होती, आणि वरच्या फळीवर त्यांची मांजर झोपली होती.

"फिल्टर मेलाय," मी टॉवेल सोडत म्हणाले.

"या बाई. बसा. चहा टाकायचा?"

"चहा नंतर. अर्ध्याच्या वर उघडतच नाही हा. तीन महिन्यांत! मोजून पाठवला होतास ना?"

"मोजूनच पाठवला होता."

"मग मोजताना डोळा लागला असेल."

सोल्डर हसला. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मला तो मनापासून आवडत नाही. त्याने फिल्टर टेबलावरच्या रॅकमध्ये बसवला, एक वायर स्पीकरला आणि एक ऑसिलोस्कोपला जोडली. त्या यंत्राच्या पडद्यावर आवाजाची लाट दिसते. मग त्याने रेझोनन्सचं बटण पूर्ण वर नेलं. तसं केलं की फिल्टरला बाहेरून आवाज लागत नाही, तो स्वतःच शीळ घालायला लागतो, आणि दुसऱ्या बटणाने ती शीळ खाली-वर नेता येते. शीळ जिथवर जाते तिथवर फिल्टर जिवंत. तपासायची रीत हीच, आणि ती मला माहीत होती.

तो बटण सावकाश फिरवत गेला. शीळ वर चढली, बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि संपली.

"हां!" मी टेबलावर हात आपटला. "बघ! इथेच मरतो!"

सोल्डरने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पडद्यावर लाट होती. तिच्या रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या, पण उंची होती तेवढीच. त्याच्या बायकोने स्क्रूचं पाकीट टाकून दोन्ही कान दाबून धरले होते. मांजर फळीवरून उतरली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

"बाई," तो म्हणाला, "वाजतोय."

"कुठे वाजतोय?"

"सहा हजार हर्ट्झवर. चांगला सणसणीत वाजतोय."

"तुझा स्पीकर गेलाय."

"अरे, बंद कर ना ते आधी!" त्याची बायको ओरडली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपला माल खराब निघाला म्हणून नवरा-बायको मिळून मला वेड्यात काढतायत, असं मला सरळ सरळ वाटलं. तेवीस वर्षं या कानांवर पोट भरलंय मी. म्हटलं, हातच्या कंकणाला आरसा कशाला? मी स्वतःच परीक्षा घेते.

सोल्डरला मी खोलीबाहेर जिन्यात उभं केलं, खुणा करायला नको. त्याच्या बायकोला भिंतीकडे तोंड करून बसवलं. वायर उपटली तर टक् असा आवाज होतो आणि त्यावरून तिला कळेल, म्हणून मी आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवरचं म्यूटचं बटण वापरलं. ते मुकाट्याने दाबलं जातं. आवाज थोडा कमी केला, तिला त्रास नको म्हणून. मी काही राक्षस नाही.

"मी टेबलावर टिचकी मारली की सांगायचं, आवाज आहे की नाही."

टिचकी. "आहे." टिचकी. "नाही." मी लागोपाठ तीनदा बंदच ठेवला, फसवायला. "नाही. नाही. नाही." मग चालू. "आहे," आणि तिने खांदे आवळले. स्क्रूच्या पाकिटावर मी बरोबर-चूक मांडत होते. दहापैकी दहा आले. मी आणखी दहा वेळा केलं. वीसपैकी वीस.

मला वीसही वेळा एकच ऐकू आलं. पंख्याची घरघर, आणि बाहेर कुणीतरी शटर ओढत होतं ते.

मी पाकीट पुन्हा तपासलं. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं. परीक्षा माझी, बटणाला हात माझा, मांडणी माझी. कुणावर आळ घ्यायला जागाच ठेवली नव्हती मी.

"बाई," त्याची बायको वळून हळूच म्हणाली, "माझ्या वडिलांचं पण असंच..."

"तुझ्या वडिलांचं राहू दे," मी म्हणाले आणि फिल्टर टॉवेलात गुंडाळला. गाठ मला बसेना. सोल्डरने आत येऊन ती बांधून दिली आणि चहाचं पुन्हा विचारलं नाही, एवढी अक्कल त्याला आहे.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी बसले. घाबरले होते, खरं सांगते. चित्रकाराला कुणी सांगावं की तुझ्या डब्यातला एक रंग तुला दिसतच नाही, आणि चित्रं तर तू रोज विकतोस, तसं झालं. पण भीती माझ्यात फार वेळ टिकत नाही, तिचा लगेच राग होतो. आणि रागात माझं डोकं बरं चालतं. कान काही एका महिन्यात जात नाहीत. हे वर्षांचं काम. मग थिएटरवाल्यांना माझा वारा टोचायला लागला तो या महिन्यातच कसा? आजवर सगळे कसे मुकाट होते? महिन्याभरात तिथे एकच गोष्ट बदलली होती.

मी तिथूनच भाच्याला फोन लावला.

"मावशी! कशी आहेस?"

"माझ्या आवाजाचं तू काय करायचास?"

"कशाचं?" त्याने उगाच विचारलं. त्या उगाच विचारण्यातच सगळं आलं.

"विचारतेय मी."

"थोडं वरचं कापायचो," तो म्हणाला. "टेबलावर. चार हजारांच्या वरचं."

"थोडं म्हणजे?"

"आधी थोडंच. मग तू वाढवत गेलीस, मग मीही वाढवत गेलो. शेवटी शेवटी... बरंच."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि सांगितलं नाहीस."

"तुला वाईट वाटलं असतं गं, मावशी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वाईट वाटून घेण्याचा हक्क माझा होता! तो तू कोण काढून घेणार? दोन वर्षं मी तिथे बसून पाय दाबतेय, लोक वा वा करतायत, आणि मी समजतेय की वारा माझा! तू माझ्या फिल्टरवर तुझा फिल्टर बसवलास आणि मला पेडल दिलंस खेळायला, लहान मूल रडू नये म्हणून देतात तसं!"

"मावशी, तसं नव्हतं..."

"आणि जाताना त्या पोरीला तरी सांगायचंस!"

"तिला सांगितलं असतं तर ती तुला म्हणाली असती," तो म्हणाला.

मी फोन ठेवला.

घरी हे बाल्कनीत बसले होते. हे म्हणजे माझे यजमान, बस डेपोतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. गाडी किती वाजून किती मिनिटांनी सुटली ते चाळीस वर्षं लिहीत होते. बोलणं बेताचं. मी वाजवायला बसले की हे बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतात. मला वाटायचं यांना हवा आवडते.

मी पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मी वाजवते तेव्हा तुम्हाला त्रास होतो?"

"कधी?"

"उडवाउडवी नको. वरचा आवाज टोचतो का?"

"टोचतो," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही? घरच्या माणसाने सांगायचं नाही तर कुणी? बाहेरचे खोटं बोलतात ते बोलतात, तुम्हीसुद्धा?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

या माणसाला असा प्रश्न विचारू नये. त्यांनी बोटं मोजायला घेतली. "पहिल्यांदा, घराच्या खिडक्यांना रंग चालू होता तेव्हा. तू म्हणालीस, बसचे हॉर्न ऐकून तुमचे कान बाद झालेत. दुसऱ्यांदा, धाकट्या मुलीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी. तू म्हणालीस, गाड्यांच्या वेळा लिहिणाऱ्याने मला सूर शिकवू नये. मग दोन दिवस बोलली नाहीस."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मी इथे खुर्ची टाकली."

दोन्ही वाक्यं माझीच होती. दुसऱ्या कुणाला ती सुचलीच नसती. दिवसभर मी जगाला फटकारत हिंडत होते की मला कुणी खरं सांगत नाही, आणि ज्याने सांगितलं त्याला मी दाराबाहेर बसवलं होतं. लाज वाटली मला. लाज वाटली की मी आणखी मोठ्याने बोलते.

"उठा," मी म्हणाले. "आत या. टोचलं की सांगायचं."

"मला त्यातलं काय कळतं?"

"कान आहेत ना? मग पुरे. टोमणे नकोत."

शुक्रवारी आम्ही दिवसभर बसलो. मी फिल्टर पुन्हा पेटीत लावला. मी बटण चढवत पाय दाबायचे, हे हात वर करायचे. पहिल्यांदा त्यांनी हात केला तेव्हा बटण अकरावर होतं. अकरावर! मला तिथे वारा नुकता जागा झालेला ऐकू येत होता.

"एवढ्यात?"

"एवढ्यात."

"नीट ऐका."

"नीटच ऐकतोय. दाराच्या फटीतून शिरल्यासारखा वाटतोय. चांगला आहे. याच्यापुढे टोचतो."

चांगला आहे! लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या वाजवण्यावर हा पहिला शेरा. पेडल कितीही दाबलं तरी व्होल्टेज एका मर्यादेपुढे जाणार नाही, अशी एका छोट्या बटणाने तजवीज करता येते. ती मी केली. मग रेझोनन्स उतरवला, मग खालचा आवाज भरला. प्रत्येक वेळी मी विचारायचे आणि ते सांगायचे, आणि प्रत्येक वेळी माझ्या कपाळाची शीर उडायची. कारण मला जे ऐकू येत होतं ते गोधडीखाली कोंबलेलं, आंधळं काहीतरी होतं. आयुष्यभर मी धार शोधली, आणि आता जी धार लोकांना लागणार ती मला कधीच लागणार नव्हती. या वयात हे शिकायचं म्हणजे अन्याय आहे. कुणी केला ते माहीत नाही, पण आहे.

शनिवारी मी वेळेआधी जाऊन पेटी मांडली. दिग्दर्शिका चौथ्या रांगेत बसली. शेजारी तिचा सहायक संगणक उघडून, त्यात ते शंभर वारे. टेबलावर ती नवी मुलगी. माझ्याकडे न बघता बसली होती.

दुसरा अंक लागला. नायिका दारातून आत आली आणि मी पाय दाबला. सावकाश, जपून, मला गोधडीखालचंच ऐकू येत होतं. कुणी उठलं नाही. नायिका चालत मधोमध गेली, थांबली, आणि तिने पदर घट्ट ओढून घेतला. तालमीत तिने आजवर हे कधी केलं नव्हतं.

अंक संपल्यावर दिग्दर्शिका टाळ्या वाजवत आली. "बाई, हेच! हाच तर हवा होता. अगदी पूर्वीसारखा झाला!"

सहायकाने संगणक मिटला. माझं काम वाचलं होतं. आता नुसतं हसून मान हलवली की झालं. थिएटर माझं, पेटी माझी, आणि कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

"पूर्वीसारखा नाही," मी म्हणाले. "पूर्वीचा माझा नव्हता. माझा भाचा इथे बसून वरचं सगळं कापायचा, मला न सांगता. मला चार हजारांच्या वरचं ऐकू येत नाही. गुरुवारी कळलं. हा वारा मी केलाय, घरच्या माणसाला विचारून विचारून."

दिग्दर्शिकेचा चेहरा उतरला. "अहो बाई... मला कल्पनाच नव्हती."

"तुम्हाला कशी असणार? तुम्ही निदान टोचतं म्हणालात." मी टेबलाकडे वळले. "आणि तुला? तुला होती?"

मुलगी लाल झाली. "पहिल्या दिवशीच वाटलं होतं," ती पुटपुटली. "पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटू दे ना वाईट!" मी असा आवाज लावला की मागच्या दिव्यांवरचा माणूससुद्धा शिडीवर थांबला. "मी काय काचेची आहे? वाईट वाटेल, वाईट वाटेल, करून माझ्या हातातलं काम काढून घेता सगळे! वाईट वाटलं तर मी रडेन, ओरडेन, घरी जाऊन भांडी आपटेन, तो माझा प्रश्न आहे. तुझं काम काय? ऐकणं आणि सांगणं. यापुढे टोचलं की तोंडाने बोलायचं. माझ्या पाठीमागे एक बटण फिरवलंस तर याद राख."

दिग्दर्शिकेने घसा खाकरून सगळ्यांना अंक पुन्हा घ्यायला सांगितलं.

नायिका दारात आली. मी पाय दाबला. वारा फटीतून शिरला, खोलीभर पसरला, आणि मी जिथे तो सगळ्यात वर नेते तिथे पोहोचला. तेवढ्यात टेबलाकडून आवाज आला.

"बाई, इथे टोचतंय."

हळू, पण बोलली. रंगमंचावर सगळे थांबले. यजमानांकडून हे पास झालं होतं, काल दहा वेळा झालं होतं, आणि ही काल आलेली पोरगी! मी दात-ओठ खात बटण केसभर डावीकडे घेतलं.

"आता?"

"अजून थोडं."

"आगाऊ आहेस," मी म्हणाले, आणि अजून थोडं घेतलं.